दोन उलट अर्ज

२०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात, एकाच आठवड्यात, एकाच समाजमाध्यम कंपनीकडे मी दोन अर्ज केले. पहिल्या अर्जात एक व्हिडिओ काढून टाकण्याची मागणी होती आणि दुसऱ्यात काढून टाकलेला एक व्हिडिओ परत लावण्याची. दोन्ही व्हिडिओ एकाच व्याख्यानाचे होते, दोन्हींत त्याच बाई तीच वाक्ये बोलत होत्या आणि दोन्ही अर्जांखाली नाव माझेच होते. पहिला अर्ज लिहिताना जे मुद्दे मला बिनतोड वाटले होते, तेच दुसरा लिहायला बसल्यावर माझ्या आड येऊ लागले. हे सारे कसे घडले आणि त्यात काय काय करावे लागले, ते क्रमाने सांगते.

आमचे वाचनालय तालुक्याच्या गावातले, ‘ब’ वर्गाचे, १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमाखाली मिळणाऱ्या अनुदानावर आणि सभासदांच्या वर्गणीवर चालणारे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी तिथे कार्यवाह आहे. दर वर्षी कार्तिकात आमची पाच दिवसांची व्याख्यानमाला असते. या खेपेचे तिसरे पुष्प संत कवयित्रींवर होते आणि ते गुंफायला पुण्याहून एक निवृत्त प्राध्यापिका आल्या होत्या. व्याख्यान चांगले रंगले. सव्वा तास बाई बोलल्या आणि दीडशे माणसे, त्यांत निम्म्याहून जास्त बायका, जागची हलली नाहीत. डोईचा पदर खांद्यावर आला तरी भरल्या बाजारात जाईन, असे जनाबाई ज्या अभंगात म्हणते, त्याचा अर्थ त्या उलगडून सांगत होत्या. नामदेवांच्या घरची ही दासी, हाती टाळ आणि खांद्यावर वीणा घेऊन चव्हाट्यावर उभी राहिली, तेव्हा गावातले लोक तिला काय म्हणाले असतील, असा प्रश्न त्यांनी टाकला आणि उत्तरही गावकऱ्यांच्याच आवाजात दिले. हिला ना घर ना दार, ना मागेपुढे कोणी, हिला लाज उरलेली नाही, ही वेसवा आहे, अशा अर्थाची पाच-सहा वाक्ये त्या तारस्वरात बोलल्या. मग क्षणभर थांबून त्यांनी सांगितले की जनाबाईने तोच शब्द उचलला आणि अभंगाच्या अखेरीस स्वतःच्या नावापुढे लावून थेट देवाला ऐकवला. शब्द जनाबाईचाच आहे. काही छापील पाठांत तो ‘येसवा’ असा येतो, एवढाच काय तो फरक.

व्याख्यान शनिवारी झाले. सोमवारी सकाळी त्यातला एकोणीस सेकंदांचा तुकडा गावातल्या मोबाइलांवर फिरू लागला. आधीचा प्रश्न त्यात नव्हता आणि नंतरचा खुलासाही नव्हता. मधली पाच-सहा वाक्ये तेवढी होती आणि वर लाल अक्षरांत मथळा होता की संत जनाबाईंना वेश्या म्हणणाऱ्या या बाईला वाचनालयाने अनुदानाच्या पैशातून का बोलावले. कापणाऱ्याने अगदी जाणूनबुजून कापले आहे, असे मला तेव्हा छातीठोकपणे वाटले. आता तितकी खात्री देता येत नाही. एखाद्याने तेवढाच भाग टिपला असेल आणि मथळा दुसऱ्याच कोणी चिकटवला असेल, हेही शक्य आहे. दुपारी त्याच तुकड्याखाली कोणीतरी बाईंचा मोबाइल नंबर टाकला. तो नंबर बाहेर गेला कुठून, याचा शोध घेतला तेव्हा तो आमच्याच स्वागत समितीच्या यादीतून गेल्याचे निघाले, आणि ती यादी मीच तयार केलेली होती.

चार दिवसांत विरून जाईल, दुर्लक्ष करा, असे आमचे अध्यक्ष अण्णा म्हणाले. मला ते पटले नाही, कारण राईनपाडा मी विसरलेले नव्हते. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या त्या गावात १ जुलै २०१८ रोजी, आठवडे बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने मारून टाकले. भिक्षा मागायला आलेली माणसे होती ती. मुले पळवण्याची अफवा त्याआधी कित्येक दिवस मोबाइलवरून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतापुरती अशी मर्यादा घातली की आलेला निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल. आमच्या गावचा बाजार गुरुवारी भरतो, आणि आमच्या व्याख्यात्या बाई शुक्रवारपर्यंत गावातच, एका मैत्रिणीकडे मुक्कामाला होत्या.

त्या रात्री मी घाबरून पहिल्यांदा काय केले असेल, तर वाचनालयाच्या सभासदांच्या व्हॉट्सॲप गटात आलेला तो तुकडा पुसला, त्याखालच्या वीस-पंचवीस प्रतिक्रिया पुसल्या, दोन सभासदांना गटातून काढले आणि ॲडमिनखेरीज कोणी लिहू नये असे कुलूप लावले. ॲडमिन म्हणून माझ्यावरच गुन्हा दाखल होईल ही भीती त्यामागे होती. ती निराधार होती, हे नंतर समजले. गटातल्या सदस्याने काही आक्षेपार्ह लिहिले तर केवळ ॲडमिन आहे म्हणून त्या माणसाला गुन्हेगार धरता येत नाही, दोघांचा समान हेतू दाखवावा लागतो, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच, गोंदियाच्या एका प्रकरणात दिलेला आहे. पण त्या रात्री मला ते ठाऊक नव्हते, आणि पुसलेला पुरावा गेला तो गेलाच. काढलेल्या दोघांपैकी एकाने गलिच्छ शिवी दिली होती. दुसरे गृहस्थ निवृत्त ग्रामसेवक; त्यांनी फक्त एवढेच विचारले होते की वक्ते ठरवताना कार्यकारिणी कोणता विचार करते. त्या रात्री मला दोघे सारखेच दिसले.

मग मी बाईंना फोन केला. तोवर त्यांना तीसेक फोन येऊन गेले होते. त्यांनी माझे सारे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “पूर्ण रेकॉर्डिंग आहे ना तुमच्याकडे? मग झोपा आता.” मला झोप लागली नाही, हा भाग वेगळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या एका वकीलबाई वाचनालयात आल्या. त्या आमच्या सभासद आहेत, कथा-कादंबऱ्या नेतात आणि वेळेवर परत करतात, एवढीच आमची ओळख होती. त्यांनी आल्याआल्या एक जाड रजिस्टर मागितले आणि सांगितले की आजपासून कोणी कोणाला उत्तर द्यायचे नाही, काही पुसायचे नाही आणि ‘बघा कसा नालायकपणा चाललाय’ असे म्हणूनसुद्धा तो तुकडा कोणाला पाठवायचा नाही. मी सकाळपासून तो सहा जणांना पाठवला होता, हे मी त्यांना सांगितले नाही. रजिस्टरमध्ये प्रत्येक नोंदीला क्रमांक, तारीख, वेळ, ते ज्या खात्यावरून आले त्याचे नाव आणि पत्ता, आणि जसाच्या तसा मजकूर लिहायचा. सोबत पूर्ण पडद्याचे छायाचित्र घ्यायचे, नुसत्या वाक्याचे कातरलेले नव्हे. ज्या मोबाइलवर निरोप आला तो मोबाइल विकायचा किंवा रीसेट करायचा नाही, कारण पुढे न्यायालयात हा पुरावा द्यायचा झाला तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. त्याचा एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारी तिची सांकेतिक ओळख, लिहावी लागते. बँकेत हयात घालवल्यामुळे नोंदी ठेवण्याचे काम मला नवीन नव्हते. त्या दोन दिवसांत मला जरा धीर आला तो या रजिस्टरमुळेच.

बुधवारी दुपारपर्यंत चौसष्ट नोंदी झाल्या. त्यांच्या छापील प्रती घेऊन वकीलबाई आणि मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत, जिथे जीर्ण पुस्तके शिवणीसाठी ठेवलेली असतात, त्या लांब टेबलावर बसलो. माझी अपेक्षा अशी की चौसष्टच्या चौसष्ट कागद पोलिसांकडे जातील. त्या एकेक कागद उचलून मोठ्याने वाचायच्या आणि विचारायच्या, “यात नेमके काय आहे?”

“अहो, अपमान आहे!”

“कोणाचा?”

“बाईंचा. वाचनालयाचा.”

“अपमान आहे, कबूल. पण ताई, तुम्हाला राग आला असे कलम नाही.”

असे कलम एके काळी जवळजवळ होते, हे त्यांनीच मग सांगितले. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ हे ‘अत्यंत आक्षेपार्ह’ किंवा त्रासदायक वाटेल अशा मजकुराला तीन वर्षांपर्यंतचा तुरुंगवास ठेवणारे होते. २०१२ च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती, त्याबद्दल पालघरमधल्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारला आणि तिच्या मैत्रिणीने तो ‘लाइक’ केला. दोघींना अटक झाली. त्या अटकेनंतर विधीची विद्यार्थिनी श्रेया सिंघल सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. तरीही त्याखाली गुन्हे नोंदवले जातच राहिले, इतके की ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले की रद्द झालेल्या कलमाखाली कोणावरही खटला चालवता येणार नाही. पालघरची बातमी मी तेव्हा वाचली होती आणि त्या मुलींसाठी हळहळलेही होते. तेरा वर्षांनी मी स्वतः त्याच कलमासारखे काहीतरी मागत टेबलाच्या या बाजूला बसले होते.

श्रेया सिंघल निकालात न्यायालयाने केलेला फरक वकीलबाईंनी पेन्सिलीने रजिस्टरच्या कव्हरवर लिहिला: चर्चा, प्रतिपादन, चिथावणी. एखादे मत कितीही अप्रिय असले तरी त्याची चर्चा आणि त्याचे प्रतिपादन यांना राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ)चे, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे, संरक्षण आहे. बोलणे चिथावणीच्या पायरीला पोचले की मग कलम १९(२)मधल्या निर्बंधांचा प्रश्न येतो. या तीन शब्दांच्या आधारे आम्ही कागद पुन्हा वाचले. एक्केचाळीस कागदांवर मते होती, त्यांतली बरीच खवचट आणि काही तर धादांत अज्ञानाची: असल्या बायकांना संत काय कळणार, वाचनालयाला कुलूप लावा, अनुदान बंद करा, कार्यवाह बदला. चौदांवर शिव्या होत्या. पाच कागद असे की ज्यांत तुकडा खोट्या मथळ्यासह नव्याने टाकला होता. उरलेले चार आम्ही वेगळे ठेवले: एकात नंबर जाहीर केलेला, दोघांनी बाईंना गाठून मारण्याची भाषा केलेली, त्यांतल्या एकाने गुरुवारच्या बाजाराचा उल्लेख केलेला, आणि एकाने बाईंना फोनवर बोललेले अश्लील शब्द फुशारकीने लिहून टाकलेले.

चौसष्टातून चार. मला ते फार थोडे वाटले आणि मी तसे बोललेही. शिव्यांचे चौदा कागद तरी द्यावेत म्हणून मी हट्ट धरला, तेव्हा त्या म्हणाल्या की हे चौदा त्या चारांबरोबर दिले तर ठाण्यातला माणूस वरचे चार-पाच वाचून गठ्ठा खाली ठेवेल आणि बाजारवाला कागद नेमका तळाशी राहील. व्यवहाराचा मुद्दा होता तो, तत्त्वाचा नव्हे, आणि मला पटला तो त्यामुळेच. बदनामीचे, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ चे, काय करायचे हे ठरवणे आमच्या हाती नव्हते. तो गुन्हा अदखलपात्र आहे, त्यासाठी ज्याची बदनामी झाली त्याने स्वतः दंडाधिकाऱ्यांकडे खासगी फिर्याद करावी लागते. बाईंना विचारले तर त्या म्हणाल्या, “माझे आयुष्य तारखांमध्ये घालवायचे नाही मला.” खोट्या मथळ्याचे ते पाच कागद मग कंपनीकडे करायच्या तक्रारीसाठी ठेवले.

बुधवारी संध्याकाळी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तिथे गेल्यावर कळले की आमच्या आधीच एक अर्ज तिथे येऊन पडला आहे, आणि तो बाईंच्या विरुद्ध आहे. धार्मिक भावना दुखावल्याबद्दल न्याय संहितेच्या कलम २९९ प्रमाणे त्यांच्यावर गुन्हा दाखल करावा, अशी अकरा जणांच्या सह्यांची मागणी होती. मी ज्या गुर्मीत आले होते ती तिथेच उतरली. त्या अर्जातली भाषा मी आदल्या दिवशी लिहिलेल्या कच्च्या मसुद्याच्या भाषेपेक्षा निराळी नव्हती. भावना दुखावल्या, समाजात असंतोष आहे, कठोर कारवाई व्हावी. मी ‘बाईंच्या’ भावना लिहिले होते आणि त्यांनी ‘भाविकांच्या’.

फौजदार साहेब वयाने तरुण होते आणि नियम जाणणारे निघाले. त्यांनी सांगितले की २९९ ला शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे, त्यामुळे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या, कलम १७३(३) प्रमाणे उपअधीक्षकांची परवानगी घेऊन चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते आणि ते तशीच करणार आहेत. बोलण्या-लिहिण्याच्या गुन्ह्यांत गुन्हा नोंदवण्याआधी अशी चौकशी करणे नेहमीच योग्य ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी कवी आणि काँग्रेसचे नेते इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा गुन्हा रद्द करताना म्हटले आहे. तिथे वाद एका कवितेवरून होता. शिवाय २९९ ला जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतू सिद्ध व्हावा लागतो. म्हणजे आमच्या बाईंना जे कवच मिळत होते, तेच त्या एक्केचाळीस कागदांनाही होते, आणि एकाला देऊन दुसऱ्याचे काढून घेता येत नव्हते. हे मला त्या बाकावर बसल्या बसल्या उमगले आणि फारसे आवडले नाही.

चौकशीसाठी शुक्रवारी आम्ही पूर्ण रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर नेले, आणि सोबत वाचनालयातली गाथा. जुनी प्रत, पुठ्ठा निघालेला, पाठीला आमच्या शिवणकऱ्याने लावलेली खादीची पट्टी. साहेबांनी रेकॉर्डिंग त्या भागापुरते पाहिले, मग गाथा उघडून ओळीखाली बोट ठेवत अभंग हळूहळू वाचला आणि शेवटच्या चरणाशी थांबले. दाराशी उभे असलेले हवालदार, गळ्यात तुळशीची माळ, मागून म्हणाले, “साहेब, हे तर आम्ही भजनात म्हणतो. दर एकादशीला.” मग त्यांना काय वाटले कोण जाणे, त्यांनी पुढचे शब्द साध्या बोलण्याच्या सुरात म्हणून दाखवले. साहेबांनी मान वर केली नाही. कागदावर काहीतरी लिहिले. सह्या करणाऱ्या अकरांपैकी चौघांना त्यांनी दुसऱ्या दिवशी बोलावून तेच पान आणि तोच व्हिडिओ दाखवला. दोघांनी सही मागे घेतली, दोघांनी नाही घेतली. शब्द संतांचा असला तरी व्यासपीठावरून तसा बोलू नये, असे त्या दोघांचे म्हणणे होते. ते म्हणणे मला चुकीचे वाटते, पण म्हणण्यासारखे आहे.

आमच्या चार कागदांचे काय झाले, ते थोडक्यात सांगते. तक्रारदार बाईच हव्या होत्या. त्या तोवर पुण्याला परतल्या होत्या. गुन्हा कोणत्या हद्दीत घडला हे न पाहता माहिती नोंदवून घ्यावी लागते आणि ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवली तर तीन दिवसांत सही करावी लागते, त्यामुळे त्यांनी ती तिथूनच दिली. फोनवर अश्लील बोलणाऱ्यावर आणि बाजाराचा उल्लेख करणाऱ्यावर गुन्हा नोंदला गेला, तपास अजून चालू आहे. मारण्याची भाषा करणारा दुसरा जण महाविद्यालयातला विद्यार्थी निघाला. त्याच्याविरुद्ध बाईंनी तक्रार दिली नाही. नंबर टाकणारे खाते कोणाचे होते, ते कळलेच नाही.

आता कंपनीकडच्या अर्जांविषयी. कंपनीचे नाव लिहीत नाही. अनुभव एका कंपनीचा आहे, पण कुठेही असाच येईल असे मला वाटते. व्हिडिओखालच्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवून केलेल्या तक्रारीला चार तासांत उत्तर आले की आमच्या धोरणांचे उल्लंघन आढळले नाही. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज केला. माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांनुसार असा अधिकारी नेमणे कंपनीवर बंधनकारक आहे, आणि त्या वेळच्या नियमांत चोवीस तासांत पोच आणि पंधरा दिवसांत निर्णय अशी मुदत होती. मी अर्ज मराठीत लिहिला, सोबत इंग्रजी भाषांतर जोडले. नंबर असलेली नोंद दुसऱ्याच दिवशी गेली. तुकडा मात्र होता तिथेच राहिला.

तोवर आम्ही संपूर्ण व्याख्यान आमच्या खात्यावर टाकले होते. दोन दिवसांत हजारभर लोकांनी ते पाहिले आणि तिसऱ्या दिवशी ते नाहीसे झाले. कारण दिले होते द्वेषमूलक भाषा. बऱ्याच जणांनी मिळून त्याविरुद्ध तक्रार नोंदवली असावी, असा माझा कयास आहे. एका गटात तशी हाक दिलेली आमच्या रजिस्टरमध्ये नोंदलेली होती. खोट्या मथळ्याचे एकोणीस सेकंद धोरणात बसत होते आणि त्यांचा खुलासा असलेला सव्वा तास बसत नव्हता.

दुसरा अर्ज लिहायला बसले तेव्हा पहिला समोर ठेवला होता. पहिल्यात मी लिहिले होते की या व्हिडिओतला शब्द अत्यंत अपमानास्पद असून त्याने असंख्य भाविकांच्या आणि स्त्रियांच्या भावना दुखावतात, म्हणून तो काढावा. तो मुद्दा मान्य झाला असता तर आमचे पूर्ण व्याख्यानही त्याच न्यायाने जायला हवे होते, आणि नीट विचार केला तर जनाबाईचा अभंगही. वकीलबाई काही बोलल्या नाहीत. मी खोडताना त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. पहिला अर्ज मी मागे घेऊन नव्याने लिहिला. आमची हरकत शब्दावर नाही, वक्त्यावर केलेल्या टीकेवर नाही, वाचनालयाचे अनुदान बंद करा म्हणण्यावरही नाही; वक्त्याने जे दुसऱ्याच्या तोंडी घातले ते वक्त्याचेच मत म्हणून दाखवले आहे आणि त्याच तुकड्याखाली तिला गाठण्याची भाषा झाली आहे, एवढीच हरकत आहे. दुसऱ्या अर्जात कितव्या मिनिटाला प्रश्न येतो, कितव्या मिनिटाला खुलासा येतो ते लिहिले आणि अभंगाच्या पानाचे छायाचित्र जोडले. हे दोन कागद आता एकमेकांसमोर ठेवता येत होते. त्यासाठी तीन संध्याकाळी गेल्या.

पूर्ण व्याख्यान सहाव्या दिवशी परत दिसू लागले. तुकडा काढण्याचा अर्ज मुदतीच्या शेवटी नामंजूर झाला. त्यावर अपील करण्याची सोय आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये तीन अपील समित्या नेमल्या, तीस दिवसांत त्यांच्याकडे ऑनलाइन जाता येते आणि तीस दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न त्यांनी करायचा असतो. अपिलाचा मसुदा मी तयार केला आणि पाठवला नाही. याचे एक कारण असे की तोवर त्या तुकड्याखाली लोकांनी स्वतःहून पूर्ण व्याख्यानाचा दुवा दिला होता आणि वाद तिथेच, मराठीत, अभंगाच्या अर्थावरून चालला होता; तुकडा गेला असता तर तोही गेला असता. दुसरे कारण असे की काय खरे आणि काय खोटे यावर सरकारने नेमलेल्या मंडळींचा शिक्का घेण्याची मला धास्ती वाटू लागली होती. आमच्या कार्यकारिणीतल्या एका सदस्यांचे मत उलट होते. सरकारनेच अशा गोष्टींवर ‘खोटे’ म्हणून छाप मारावी, म्हणजे झंझट मिटेल, असे ते म्हणत. त्यांना मी मुंबई उच्च न्यायालयाचा २० सप्टेंबर २०२४ चा निकाल सांगितला. केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलचा मजकूर खोटा आहे की नाही हे सरकारच्याच कक्षाने ठरवायचे, असा नियम केला गेला होता. दोन न्यायमूर्तींत मतभेद झाल्यावर तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेलेल्या त्या प्रकरणात तो नियम रद्द ठरला. सदस्यांनी ऐकून घेतले. पटले असे दिसले नाही.

खरा फरक पडला तो आमच्या स्वतःच्या निवेदनाने आणि एका कीर्तनाने. निवेदनाचा माझा पहिला मसुदा चार पानी होता आणि त्याची सुरुवात ‘काही समाजकंटकांनी’ अशी होती. वकीलबाईंनी ते दोन शब्द आधी काढायला लावले. शेवटी नऊ ओळी उरल्या. पहिल्या ओळीत अभंग काय म्हणतो ते, दुसरीत बाई काय म्हणाल्या ते, मग पूर्ण व्याख्यानाचा दुवा, मग ज्यांना शंका आहे त्यांनी गुरुवारी संध्याकाळी वाचनालयात यावे, गाथा टेबलावर ठेवलेली असेल, असे निमंत्रण. खोट्या मथळ्याचा उच्चार आम्ही कुठेच केला नाही. ज्या गटांत तुकडा गेला होता त्याच गटांत हे निवेदन त्या त्या गटातल्या ओळखीच्या माणसाने टाकावे अशी व्यवस्था केली. कीर्तन आम्ही ठरवलेले नव्हते. शेजारच्या गावच्या बुवांनी आपण होऊन पुढच्या एकादशीला हाच अभंग निरूपणाला घेतला आणि वाचनालयाचे नावही न घेता तासभर त्याच एका शब्दावर बोलले. गुरुवारी वाचनालयात सतरा माणसे आली. त्यांत तो विद्यार्थीही होता. तो काही बोलला नाही, गाथेच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि गेला.

निवृत्त ग्रामसेवकांना मी गटात परत घेतले, आणि त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला आणि माफी बाजूला ठेवून मूळ प्रश्न पुन्हा विचारला: वक्ते ठरवताना कार्यकारिणी कोणता विचार करते? मी दिलेले उत्तर त्यांना पुरेसे वाटले नाही. आता त्यांनी रीतसर पत्र दिले आहे की यापुढे प्रत्येक वक्त्याने आपले भाषण आधी लेखी द्यावे आणि कार्यकारिणीने ते मंजूर करावे. मी विरोधात मत देणार आहे, पण त्यांच्या बाजूने माझ्या मोजणीप्रमाणे निम्मे सभासद तरी आहेत. पत्र वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर सातव्या क्रमांकावर, कपाटदुरुस्तीच्या खर्चाच्या नंतर, घेतले आहे. सभा रविवारी आहे. गेल्या तीन वर्षांत गणसंख्या एकदाही वेळेवर भरलेली नाही, या वेळी भरेल.